शेवट ठाऊक असलेली गोष्ट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



संयोजन समितीने मला सांगितलं, "आपल्या कामातल्या एखाद्या विषयावर वीस मिनिटं बोल. जड नको." काल आपल्या डॉक्टर मित्राने गुडघ्यांवर बोलून निम्म्या लोकांना घाबरवलं आणि बँकेतल्या मैत्रिणीने मृत्युपत्रावर बोलून उरलेल्यांना. त्या मानाने माझा विषय अगदीच निरुपद्रवी आहे. मी टीव्हीवर बोलणार आहे. त्यातही विज्ञानकथांच्या मालिकांवर आणि त्यातही त्यांच्या 'प्रीक्वेल'वर. विज्ञानाच्या सरांनी काळजी करू नये. प्रकाशापेक्षा वेगाने जाता येतं असं मी कुठेही म्हणणार नाही. त्या मालिका म्हणतात.

आधी माझ्या कामाबद्दल. मी मराठी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी बघते. एकाच प्रसंगाचा अर्धा भाग सोमवारी चित्रित होतो आणि उरलेला गुरुवारी. पडद्यावर मात्र मध्ये एक क्षणही गेलेला नसतो. सोमवारी सासूबाईंनी कप कुठल्या हातात धरला होता, त्यात चहा किती होता, सुनेची टिकली केवढी होती, मागच्या भिंतीवर कॅलेंडरचं कुठलं पान होतं, हे लक्षात ठेवायला एक माणूस लागतो. ती मी. पूर्वी वहीत लिहून ठेवायचे, आता मोबाइलवर फोटो काढते. काम चोख झालं तर असं काही काम असतं हेच कुणाला कळत नाही.

या कामात सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे फ्लॅशबॅक. मालिकेचे आठशे भाग होऊन गेलेले असतात आणि लेखकाला सुचतं, आजीचं तरुणपण दाखवू. वाडा तोच, पण चाळीस वर्षांपूर्वीचा. मग भिंतीवरचा नवा स्विचबोर्ड झाकायचा, दिवे बदलायचे, दारातली मोटरसायकल हलवायची. एवढं करून बसावं तर आठवतं की दोनशेव्या भागात आजी म्हणाली होती, "मी जन्मात कधी पुण्याला गेले नाही." आणि नव्या कथेत तिचं कॉलेज पुण्यात! स्विचबोर्डाची चूक डोळ्यांना खटकते, पुण्याची चूक मनाला. पहिल्याला दृश्याचं सातत्य म्हणू, दुसऱ्याला कथेचं.

प्रीक्वेल म्हणजे अख्खी मालिकाच फ्लॅशबॅक. आधी लोकप्रिय झालेल्या गोष्टीच्या पूर्वी काय घडलं, ते नंतर सांगायचं. विज्ञानकथेत ही अडचण दुप्पट होते. आमच्या वाड्याचा भूतकाळ खरोखर होऊन गेलेला असतो, जुने फोटो बघून जुळवता येतो. विज्ञानकथेत भूतकाळ दाखवायचा तोही भविष्याचा. त्याचे फोटो कुठून आणणार? जुन्या मालिकेचे भाग, एवढाच काय तो आधार.

उदाहरण आपल्या ओळखीचंच घेते. आपण शाळेत असताना दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण टोकदार कानांचा स्पॉक सगळ्यांना कळायचा. अमेरिकेत ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली, तीन हंगाम चालली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. आपल्यापर्यंत ती पोचली तेव्हा तिकडे तिचे चित्रपटही निघायला लागले होते.

आता एक गंमत. कॅप्टन कर्कच्या शर्टाचा रंग कोणता? तिकडचे प्रेक्षक सांगतील, सोनेरी. कापड मात्र हिरवट होतं. सेटवरच्या दिव्यांमुळे आणि फिल्ममुळे ते पडद्यावर सोनेरी दिसायचं. लोकांनी सोनेरी पाहिलं, सोनेरी लक्षात ठेवलं, आणि पुढे त्या काळाच्या कथा नव्याने करणाऱ्यांनी शर्ट खरोखरच सोनेरी शिवले. आणि आपण? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. आपल्यासाठी तो शर्ट करडा. त्या मालिकेत लाल शर्टवाला खलाशी कर्कबरोबर नव्या ग्रहावर उतरला की त्याचं काही खरं नाही, हा तिकडे विनोदाचा विषय आहे. आपल्याला लाल आणि करडा सारखाच, त्यामुळे दर वेळी कोण मरणार हे आपल्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. तिकडच्यांपेक्षा जास्त उत्कंठेने आपणच ती मालिका पाहिली, असं मला वाटतं.

पण हसण्यावारी न्यायचा हा मुद्दा नाही. जुन्याशी इमान राखायचं म्हणजे कशाशी? शिंप्याच्या कापडाशी, पडद्यावर दिसलेल्या रंगाशी, की पाहणाऱ्याच्या आठवणीशी? प्रत्येक प्रीक्वेलला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

२६ सप्टेंबर २००१ रोजी 'एंटरप्राइज' ही मालिका सुरू झाली. तिचा काळ २१५१ पासूनचा, म्हणजे कर्कच्या शंभरेक वर्षं आधीचा. पेच उघड होता. गोष्टीतलं जहाज जुनं, चित्रीकरण पस्तीस वर्षांनी नवं. १९६६ च्या सेटवर रंगीत खड्यांसारखी बटणं होती आणि बऱ्याच पडद्यांच्या जागी मागून उजेड सोडलेली चित्रं. २००१ च्या प्रेक्षकाच्या टेबलावर संगणक होता आणि खिशात मोबाइल. त्याला १९६६ पेक्षाही जुनाट यंत्रं दाखवली असती तर तो हसला असता.

त्यांनी पाणबुडीचा नमुना समोर ठेवला. अरुंद बोळ, उघडं लोखंड, दाटीवाटी. पडदे मात्र सपाट आणि आजचे. दिसायला ते जहाज कर्कच्या जहाजापेक्षा नवंच वाटतं, आणि त्यावरून लोकांनी पुष्कळ टीका केली. पण जुनेपणा त्यांनी दुसऱ्या जागी आणला, तो म्हणजे माणसांच्या वागण्यात. कर्कच्या काळात माणूस क्षणात इथून नाहीसा होऊन ग्रहावर उमटतो आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. 'एंटरप्राइज'मध्ये हे यंत्र माणसांसाठी नुकतंच मान्य झालेलं आहे आणि त्यात पाय ठेवायला लोक घाबरतात. आपल्याकडे मिक्सर आल्यावर आज्या जशा लांबून बटण दाबायच्या, तसं. कर्क किरणांनी दुसरं जहाज ओढून घेतो, इथे दोराला आकडा लावून फेकतात. जहाजाभोवती अदृश्य ढाल नाही, नुसतं कवच आहे. माणसाला अजून काय जमत नाही ते दाखवलं की काळ मागे जातो. पडदा सपाट की फुगीर, हे मग प्रेक्षक विसरतो. मी तरी विसरले.

'स्टार वॉर्स'वाल्यांनी याच्या उलटा रस्ता धरला. 'रोग वन' हा २०१६ चा चित्रपट १९७७ च्या पहिल्या चित्रपटाच्या उंबरठ्यावर येऊन संपतो. त्याच्याही आधीची गोष्ट 'अँडॉर' या मालिकेत आहे. २०२२ आणि २०२५ असे दोन हंगाम, मिळून २४ भाग. इथे सगळं १९७७ सारखंच. जाड काचेचे पडदे, खटके, दांडे. 'रोग वन'मध्ये तर १९७७ च्या चित्रपटासाठी चित्रित झालेले पण न वापरलेले वैमानिकांचे तुकडे शोधून काढून नव्या लढाईत बसवले आहेत. माझ्या व्यवसायातल्या माणसाने टोपी काढावी असं ते काम आहे.

मग बरोबर कोण? माझ्या मते दोघंही. 'स्टार वॉर्स' ही आटपाट नगराची गोष्ट आहे. आपल्या जगाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे ती आहे तशी जपून ठेवता येते. 'स्टार ट्रेक'चं म्हणणं असं की हे तुमचं-आमचंच उद्या आहे. मग आपला आज पुढे सरकला की त्या उद्यालाही पुढे सरकावं लागतं. वस्तू जुळल्या पाहिजेत की नाही, हे त्या गोष्टीने प्रेक्षकाला काय वचन दिलंय त्यावर ठरतं.

आता कथेचं सातत्य. इथे सवलत कमी मिळते. १५ डिसेंबर १९६६ चा 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग घ्या. पृथ्वीवासी आणि रोम्युलन यांच्यात शंभरेक वर्षांपूर्वी युद्ध झालेलं असतं, पण त्या अख्ख्या युद्धात एकमेकांचा चेहरा कुणीच पाहिलेला नसतो. तहसुद्धा नुसत्या आवाजावर झालेला. कर्कच्या जहाजावर पहिल्यांदा शत्रूचा चेहरा पडद्यावर येतो, आणि तो हुबेहूब स्पॉकच्या जातकुळीतला निघतो. तेच कान, त्याच भुवया. ज्याचे पूर्वज त्या युद्धात गेले असा एक अधिकारी शेजारच्या स्पॉककडे वळून पाहतो, आणि कालपर्यंतचा सहकारी त्याच्या नजरेत हेर होतो. चेहऱ्यावरून माणसाला दोषी ठरवणं म्हणजे काय, हे साठच्या दशकात दाखवलेलं आहे, आणि आजही ते अंगावर येतं.

म्हणजे शंभर वर्षं आधीच्या 'एंटरप्राइज'मध्ये कुणाही माणसाने रोम्युलन पाहिला तर हा प्रसंग खोटा पडला. मालिकेने हे पथ्य पाळलं. २००५ च्या सुरुवातीला तिने रोम्युलनांवर तीन भाग केले. त्यात प्रेक्षकाला रोम्युलन दिसतात, पण ते लांबून यंत्राने जहाज चालवतात, आणि जहाजावरच्या माणसांना त्यांचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. आपल्याला कळलं, पात्रांना नाही. फार सुरेख तोडगा. मात्र त्याच मालिकेने २००२ मध्ये रोम्युलनांची जहाजं अदृश्य होताना माणसांना दाखवून टाकली होती. १९६६ च्या त्या भागात स्पॉक अदृश्य जहाजाबद्दल केवळ तत्त्वतः शक्य असलेली गोष्ट म्हणून बोलतो. तिथे टाका उसवला. पण लक्षात घ्या, त्या चुकीने कुणाचं मन दुखावत नाही. एक तांत्रिक तपशील चुकतो, एवढंच. चेहरा दिसला असता तर त्या अधिकाऱ्याचा संशय आणि स्पॉकचा अपमान, दोन्ही पोकळ झाले असते. म्हणजे कथेतल्या चुकाही सगळ्या सारख्या नसतात.

दुसरं उदाहरण कपाळाचं. क्लिंगॉन नावाचे योद्धे १९६७ मध्ये पहिल्यांदा आले तेव्हा पैसे कमी होते. चेहऱ्याला सावळा रंग फासला, दाढ्या लावल्या, झाले क्लिंगॉन. १९७९ च्या चित्रपटात पैसे आले आणि त्यांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे आले. पुढे सगळीकडे तेच. प्रेक्षक म्हणाले, ठीक आहे, आधीही असेच असतील, आपल्याला दाखवायला पैसे नव्हते. समजूतदार प्रेक्षक असतात.

१९९६ मध्ये, मालिकेला तीस वर्षं झाली म्हणून, 'डीप स्पेस नाइन' या मालिकेने आपली पात्रं १९६७ च्या एका जुन्या भागात पाठवली. जुने सेट पुन्हा उभारले, जुना प्रकाश आणि रंग जुळवला, आणि नवे नट जुन्या चित्रीकरणात कर्कच्या शेजारी उभे केले. आता साध्या कपाळाचे जुने क्लिंगॉन आणि उंचवट्याचा वॉर्फ एकाच खोलीत आले. सगळे वॉर्फकडे बघायला लागले, हे काय? वॉर्फचं उत्तर एवढंच, की आम्ही याबद्दल बाहेरच्यांशी बोलत नाही. प्रेक्षक खूश, विषय संपला.

पण फेब्रुवारी २००५ मध्ये 'एंटरप्राइज'ने त्यावर दोन भाग केले. क्लिंगॉनांनी माणसाच्या जनुकांवर प्रयोग करून अधिक ताकदवान योद्धे घडवायचं ठरवलं, त्यातून रोग पसरला, आणि जीव वाचवायचा उपाय असा निघाला की प्राण राहतील पण कपाळ जाईल. लाखो लोकांना आपला चेहरा गमवावा लागला. पुष्कळांना वाटलं, वॉर्फचं एक वाक्य पुरेसं होतं, कशाला खपली काढली? मला तसं वाटत नाही. स्वतःच्या चेहऱ्याचा ज्या समाजाला एवढा अभिमान, त्याला जगण्यासाठी तोच द्यावा लागला, आणि म्हणून वॉर्फ गप्प बसतो. त्या विनोदी वाक्यामागे लाज आहे, हे नंतर कळलं. ठिगळ लावताना जुन्या कापडाला नवं वजन मिळालं तर ते ठिगळ राहत नाही. पुढे २०१७ नंतरच्या मालिकांनी कर्कच्याच काळाच्या आसपासचे क्लिंगॉन पुन्हा उंचवट्यांसकट दाखवले, ती गोष्ट वेगळी. आठशे भागांनंतर आमची आजी पुण्याला जाते, तसं हे.

याच्या उलट प्रकार 'डिस्कव्हरी'त झाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेने स्पॉकला अचानक एक मानलेली बहीण दिली, मायकल बर्नहॅम. एकाच घरात वाढलेली. प्रेक्षक म्हणाले, इतक्या वर्षांत स्पॉकच्या तोंडून हिचं नाव कसं नाही? २०१९ मध्ये दुसऱ्या हंगामाच्या शेवटी उत्तर आलं. ती आणि तिचं जहाज नऊशेहून जास्त वर्षं पुढच्या काळात निघून गेलं, आणि मागे राहिलेल्यांना हुकूम झाला की यांचं नावही काढायचं नाही, काढलं तर देशद्रोह. झालं सातत्य. हिशोब जुळला. पण मला विचाराल तर या हुकुमाची गरजच नव्हती. १९६७ च्या एका भागात स्पॉकचे आईवडील जहाजावर येतात, आणि हे तुझे आईवडील आहेत हे कर्कला तोपर्यंत माहीतच नसतं. १९८९ च्या चित्रपटात त्याला एक सावत्र भाऊही निघाला. घरच्या माणसांबद्दल न बोलणं हा त्याचा स्वभाव आहे. असे लोक आपल्या प्रत्येकाच्या घरी एक तरी असतात. स्वभावाने जे सुटत होतं, त्याला सरकारी फर्मान लावलं. चूक दुरुस्त झाली, माणूस मात्र थोडा लहान झाला.

आता चेहऱ्यांकडे वळते. 'रोग वन'मध्ये टार्किन नावाचा सेनाधिकारी हवा होता. १९७७ मध्ये ती भूमिका करणारे पीटर कुशिंग १९९४ मध्ये वारले. तेव्हा दुसऱ्या नटाने काम केलं आणि त्याच्यावर संगणकाने कुशिंग यांचा चेहरा चढवला. संमती घेऊन केलं, काम अफाट कौशल्याचं आहे. तरी तो पडद्यावर आला की मी गोष्टीतून बाहेर येते आणि चेहराच न्याहाळत बसते.

शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. कर्कच्या आधी त्या जहाजाचा कर्णधार होता पाइक. १९६४ मध्ये चित्रित झालेल्या पहिल्या नमुना भागात ती भूमिका जेफ्री हंटर यांनी केली. तेही १९६९ मध्ये गेले. २०१९ पासून पाइक करतात अँसन माउंट. चेहरा वेगळा, आवाज वेगळा, केस तर फारच वेगळे. आणि तरीही तो पाइक आहे याबद्दल मला क्षणभर शंका येत नाही. आपल्याला हे समजावून सांगायला नको. १९७० मध्ये 'नटसम्राट' आलं तेव्हा गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू होते, पुढे दत्ता भट झाले, आणखीही काही जण झाले. म्हणून कावेरी त्यांना ओळखेनाशी झाली नाही. माणूस तोच आहे हे चेहऱ्यावरून ठरत नाही. तो कशापुढे झुकतो आणि कशापुढे झुकत नाही, त्यावरून ठरतं.

पाइकचं नाव घेतलं, आता त्याचीच गोष्ट सांगून आवरतं घेते. नोव्हेंबर १९६६ च्या 'द मेनाजरी' या दोन भागांच्या कथेत तो आपल्याला भेटतो तो चाकांच्या बंदिस्त खुर्चीत. प्रशिक्षण जहाजावर अपघात झाला, त्याने मुलांना वाचवलं आणि स्वतः भाजून निघाला. बोलता येत नाही. पुढचा दिवा लागला की त्याचं उत्तर समजायचं, 'हो' किंवा 'नाही', बस. १९६६ मध्ये हे एवढंच होतं. तो एक दुर्दैवी माणूस होता.

त्यानंतर ५३ वर्षांनी 'डिस्कव्हरी'च्या एका भागात पाइकला स्वतःचं हे भविष्य दिसतं. अनेकांचे प्राण वाचवण्यासाठी त्याला एक वस्तू उचलायची असते, आणि उचललीस तर हे भविष्य पक्कं, असं त्याला बजावलं जातं. तो घाबरतो. आणि उचलतो. २०२२ मध्ये सुरू झालेली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही अख्खी मालिका त्या माहितीसह जगणाऱ्या माणसाची आहे. पहिल्या हंगामाच्या शेवटच्या भागात त्याला वाटतं, टाळता येईल. त्या मुलांना आधीच पत्रं लिहून सावध करावं. मग त्याला दाखवलं जातं की तो वाचला तर काय होईल. मघाशी सांगितलेला तो रोम्युलनांचा प्रसंग पुन्हा घडतो, या वेळी कर्कच्या जागी पाइक असतो, आणि त्यातून युद्ध पेटतं, स्पॉक मरणाच्या दारात जातो. पाइक पत्रं बाजूला ठेवतो.

हे मी का सांगते? नव्या सेटवर एकही वस्तू १९६६ सारखी नाही. मधोमध कर्णधाराची खुर्ची, पुढे दोघांचं टेबल, समोर मोठा पडदा, एवढी मांडणी तेवढी राखली आहे. तरी मी ज्या प्रीक्वेल पाहिल्या त्यांत सातत्याचं हे सर्वोत्तम काम. कारण १९६६ मध्ये त्या माणसाने जे सोसलं, ते नव्या लेखकांनी सौम्य केलं नाही, पुसलं नाही. उलट ते त्याने डोळे उघडे ठेवून स्वीकारलं होतं, असं सांगितलं. आता जुना भाग पुन्हा पाहिला की खुर्चीतला तो माणूस नुसता दुर्दैवी राहत नाही. जुन्या भागातली एकही चौकट न बदलता जुना भाग मोठा झाला.

लोक म्हणतात, शेवट माहीत असलेल्या गोष्टीत काय मजा? हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये. कीर्तनाला जाणाऱ्याला आख्यानाचा शेवट ठाऊकच असतो. अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे पोरासोरांना माहीत, तरी तो आत शिरताना मांडवात शांतता पसरते. 'अँडॉर' पाहताना नायक शेवटी मरणार हे 'रोग वन' पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. शेवट ठाऊक असला की 'पुढे काय' संपतं आणि 'हा तिथपर्यंत कसा गेला' सुरू होतं. तो प्रश्न जास्त मोठा आहे.

आता हे सगळं स्नेहमेळाव्यात कशाला, असं वाटत असेल तर सांगते. काल दुपारपासून आपण इथे दुसरं काय करतोय? प्रत्येक जण आपापला प्रीक्वेल सांगतोय. शेवट, म्हणजे आपण आज कोण झालो, सगळ्यांना दिसतोच आहे. सुरुवात आपण रचतोय. त्यात वस्तूंच्या चुका भरपूर झाल्या. काल जेवताना शाळेची घंटा पितळी होती की रुळाचा तुकडा होता यावर अर्धा तास वाद झाला. होऊ दे. तो शर्टाचा रंग आहे. प्रत्येकाच्या घरी वेगळा दिसला असेल.

पण काल रात्री एक किस्सा निघाला. आपल्यातल्या एकाची फी थकली होती म्हणून त्याला आठवडाभर वर्गाबाहेर उभं राहावं लागलं होतं. सांगणाऱ्याने रंगवून सांगितलं की हा पठ्ठ्या बाहेर मजेत गोट्या खेळायचा आणि आम्ही आत गणितं सोडवायचो, आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. सगळे हसलो. तो तिथेच बसला होता. हसणं थांबल्यावर शांतपणे म्हणाला, "मी गोट्या खेळत नव्हतो. खिडकीखाली उभं राहून गणितं ऐकत होतो." त्याला विचारूनच हे इथे सांगते आहे. कुणाला दोष द्यायचा नाही, तेव्हाची रीतच तशी होती. सांगणाऱ्याच्या मनातही वाईट काही नव्हतं. वर्गाच्या आतून जे दिसलं असेल, ते इतक्या वर्षांत गोड होत गेलं असेल, एवढंच. पण जो मुलगा खिडकीखाली उभं राहून शिकला, तोच आज चार्टर्ड अकाउंटंट होऊन आपल्या मेळाव्याचे हिशोब बघतो आहे. गोट्यांच्या किश्श्यात त्याच्या त्या आठवड्याला जागाच नव्हती.

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून देण्याची मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे असं समितीने काल जाहीर केलं. माझी व्यवसायातली एकच सूचना. घंटा पितळी लिहा नाहीतर लोखंडी, बाकांची संख्या चुकली तरी चालेल. पण आठवणीत दुसऱ्या कुणाचं नाव आलं, आणि विशेषतः लोक त्यावर हसणार असतील, तर पाठवण्याआधी त्याला किंवा तिला एक फोन करा. विचारा, "असंच झालं होतं ना?" सगळ्यांचे नंबर आता गटात आहेतच. वस्तू जुळवायला माझ्यासारखी माणसं पगारावर मिळतात. कुणी काय सोसलं ते जुळवायला मात्र ज्याने सोसलं त्यालाच विचारावं लागतं.

वीस मिनिटांची बावीस झाली. मराठीच्या बाई घड्याळाकडे बघतायत, ते सातत्य मात्र अजून अबाधित आहे.